सरावाची अशील

८ जुलै

प्राचार्य अखेर हो म्हणाले. दोन वर्षं त्यांच्या दारात जोडे झिजवले, तेव्हा कुठे "चालू द्या तुमचं, पण कॉलेजच्या नावाला बट्टा लागता कामा नये" एवढं वाक्य पदरात पडलं. मला तेवढं पुरे.

विषयाचं नाव ठेवलंय 'अशिलाची मुलाखत आणि वकिलाचा विवेक'. ताईला सांगितलं तर म्हणाली, "एवढं नाव वाचून होईस्तोवर अशील शेजारच्या वकिलाकडे जाईल." थोरल्या बहिणीला निवृत्तीनंतर दुसरं काम काय, भावाचे पाय जमिनीवर ठेवायचे.

आमची मुलं कलमं घडाघडा म्हणतात, पण समोर माणूस बसला की त्याच्या तोंडाकडे न बघता कागदावर खरडत राहतात. म्हणून आता खोटं अशील आणि खरी मुलाखत. हकीगत मी लिहायची, कोणीतरी ती पाठ करून अशिलाच्या खुर्चीत बसायचं, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने त्याच्याकडून ती काढून घ्यायची. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत मधोमध एकतर्फी काच बसवून घेतलीय. मुलांच्या बाजूने आरसा, माझ्या बाजूने खिडकी. मागच्या अंधाऱ्या भागात बसून मी गुण देणार. दोन्ही भागांना व्हरांड्यातून आपापलं दार आहे आणि मधे एक लहानसं. माझ्या भागातून मागच्या जिन्याकडेही एक आहे, पण ते गंजलंय आणि त्याला जुन्या पेपरांचे गठ्ठे टेकवून ठेवलेत.

पहिला नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिणार: अशिलाची गोष्ट खोलीबाहेर जात नाही. ताई खूप हसली. "आणि हे शिकवणार कोण? तू? तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

११ जुलै

अशील मिळालं, आणि तेही घरबसल्या! ग्रंथपाल स्वतःहून म्हणाले, "सर, आमच्या हिला घ्या. लग्नाआधी नाटकात कामं करायची. दिवसभर घरीच असते." हा माणूस म्हणजे देवमाणूस. कोणाला कुठलं पुस्तक हवंय ते त्याला आपण मागण्याआधी कळतं. आवाज कधी चढलेला ऐकला नाही.

१५ जुलै

आज पहिला सराव झाला. ग्रंथपाल वहिनींना हाताला धरून जिना चढवत घेऊन आले. दारात थांबून त्यांनी खिशातून चष्मा काढला, रुमालाने पुसला आणि स्वतःच्या हाताने वहिनींच्या डोळ्यांवर ठेवला. संपल्यावर परत काढून डबीत घातला. "हरवते हो," म्हणाले, "म्हणून मीच सांभाळतो." त्यांच्या वरच्या खिशात चष्म्याच्या दोन डब्या असतात, एक स्वतःची आणि एक हिची. लग्नाला वीस वर्षं होऊन गेल्यावर हे असं! मी जन्मभर एकटा राहिलो त्याचं आज प्रथमच जरा वाईट वाटलं.

हकीगत अशी: शिंप्याची बायको घरावर आपलं नाव लागावं म्हणून सल्ला विचारायला येते. आतली गोष्ट अशी की शिंप्याने दुसरीकडे संसार थाटलाय. ती ते आपणहून सांगत नाही, मुलांनी हळुवार विचारून काढायचं. वहिनींनी अक्षर न चुकवता काम केलं.

आमचा 'पदक' (हा सुवर्णपदक घेऊनच जन्माला आलाय) पंचवीसपैकी तेवीस घेऊन गेला. प्रश्नांची काय सफाई! 'घुमी'ला बारा. ही मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, वकिली कशी करणार देव जाणे.

२ ऑगस्ट

आजचा दिवस सोन्याचा. सविस्तर लिहितो.

दुसऱ्या फेरीसाठी मी हकीगतीत थोडी मोकळीक ठेवली होती. "वहिनी, शिंप्याच्या घरातलं काही सुचलं तर घाला तुमच्या मनाने," असं म्हटलं होतं. त्यांनी काय घातलं! पदक समोर होता. त्याने विचारलं, "तुम्ही माहेरी का जात नाही?" वहिनींनी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "कामावर जाताना ते माझा चष्मा घेऊन जातात. मला हाताच्या अंतरापलीकडे दिसत नाही. दार उघडंच असतं. कुलूप लावायची गरजच पडत नाही त्यांना."

अंधारात बसून माझ्या अंगावर काटा आला. कुलूप नाही, कडी नाही, नुसता चष्मा! मला शंभर वर्षांत सुचलं नसतं. पदकाने लगेच टिपून घेतलं आणि 'कौटुंबिक छळ' या सदराखाली बरोबर चार प्रश्न विचारले. चोवीस दिले.

मग घुमी. तिलाही वहिनींनी तेच सांगितलं, तिला तर जरा जास्तच सांगितलं. मोबाइल नवऱ्याकडे असतो, सासू पाळतीवर असते, चुकलं की आठ-आठ दिवस चष्मा मिळत नाही आणि मग चुलीशी हात भाजतो. बाहीखालचा हातही दाखवला. घुमीने पेन खाली ठेवलं आणि गप्प बसली. इतकी गप्प की मी काचेमागे चुळबुळायला लागलो. मग तिने विचारलं, "आज घरी जाताना चष्मा तुमच्याजवळ असेल?"

वहिनी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग आरशाकडे बघितलं, म्हणजे माझ्याकडे. म्हणाल्या, "पुढचं विचारा." पण घुमीला पुढचं काही सुचलं नाही. खेळ मोडला तो मोडलाच. तिला नऊ दिले.

संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली. उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, त्या अभिनय करत नव्हत्या."

मी हसलो. म्हटलं, "अगं, चांगल्या अभिनयाची हीच तर खूण आहे."

"हात भाजलेला होता, सर."

"रंगभूषा म्हणतात त्याला. नाटकातल्या बाई आहेत त्या." ती निघून गेली. मार्कांसाठी आली असावी, पण आडवळणाने.

३ ऑगस्ट

सकाळी नोटीस बोर्डावर माझ्या सहीचं अभिनंदनाचं पत्रक लावलं: 'सरावातील अशिलाची भूमिका करणाऱ्या वहिनींचा अभिनय अप्रतिम. संहितेबाहेर जाऊन दाखवलेली कल्पकता दाद देण्यासारखी.' आणि मग राहवेना म्हणून थेट ग्रंथालयात गेलो. पदकाला कुठलं कलम सुचलं तेही सांगितलं, आणि चष्म्याची गोष्ट तर साग्रसंगीत, वहिनींच्या आवाजाची नक्कल करून सांगितली. ग्रंथपाल पुस्तकांवर शिक्के मारत होते. हात थांबला नाही त्यांचा. "हो का?" म्हणाले. "तिला सुचतं असं."

"हात भाजल्याची रंगभूषा तर इतकी हुबेहूब," मी म्हटलं, "की आमची एक मुलगी फसली!"

"कोणती मुलगी?" त्यांनी हसून विचारलं. मी सांगितलं.

पहिला नियम मनात आला नाही असं नाही. पण तो खऱ्या अशिलासाठी. नाटकातली गोष्ट कसली खोलीबाहेर जायची?

९ ऑगस्ट

वहिनी आल्या नाहीत. जिन्यावरून पडल्या म्हणे, जबडा मोडलाय. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार, त्यांना प्रात्यक्षिक काय दाखवू, माझं कपाळ? ताईला तसं म्हणालो तर तिने ताट पुढे सरकवलं आणि उठून गेली. मला कळलं नाही मी काय वावगं बोललो.

१० ऑगस्ट

इस्पितळात जाऊन आलो. फळं नेली होती. तोंड तारांनी बांधलेल्या माणसाला फळं!

वहिनींनी आवाजावरून मला ओळखलं. मी "कसं वाटतंय" म्हटलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ग्रंथपाल उशाशी बसून होते, सगळ्या परिचारिका त्यांचं कौतुक करत होत्या. मी सहज विचारलं, "वहिनींचा चष्मा?"

त्यांनी खिशावर थोपटलं. "माझ्याकडेच आहे. आता तिला काय बघायचंय?"

दोन डब्या. मी त्या महिनाभर बघत होतो.

बाहेर येऊन बाकावर बसलो. मी त्याला सांगितलं. माझ्या तोंडाने, नक्कल करून, हसत हसत. कोणत्या मुलीला सांगितलं, तेही. ती बाई वीस वर्षांत पहिल्यांदा बोलली, ते नाटकाच्या आड लपून, कारण तिला वाटलं इथे कायदा शिकवतात, कोणीतरी ऐकेल. ऐकलं ते बारा-मार्कवालीने. मी काचेमागे बसून अभिनयाला दाद दिली आणि मग सगळं नेऊन नवऱ्याच्या हातात ठेवलं. तिचा जबडा मी मोडला.

१९ ऑगस्ट

ग्रंथालय उघडं असतं त्या वेळात घुमी रोज इस्पितळात जाऊन बसत होती, हे आज कळलं. तिने काय केलं? काही नाही, नुसती बसली. पाचव्या दिवशी वहिनींनी खूण करून कागद मागितला. चष्म्याशिवाय लिहिलेली मोठमोठी वेडीवाकडी अक्षरं. पोलीस ग्रंथपालाला घेऊन गेलेत.

मी पोलिसांकडे जबाब दिला. मी काय ऐकलं आणि कोणाला सांगितलं, सगळं. हवालदाराने लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे सर, तुम्ही तेव्हा खोटं समजलात, आता खरं समजता?" हो म्हणालो. त्याने पेनाचं टोपण लावलं.

२७ ऑगस्ट

जामीन झाला.

त्याचा वकील माझाच जुना विद्यार्थी. उलटतपासणी मी शिकवलेली, आवाज कुठे खाली आणायचा तेही मी शिकवलेलं. त्याने फिर्यादीतली चष्म्याची गोष्ट वाचली आणि मग खिशातून नोटीस बोर्डावरचं पत्रक काढलं. 'अभिनय अप्रतिम. कल्पकता दाद देण्यासारखी.' खाली माझी सही. "फिर्यादी बाईंनी कॉलेजात वठवलेली भूमिका त्या आता प्रत्यक्षात वठवत आहेत, एवढंच माझं म्हणणं," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून अदबीने मान झुकवली. कोर्टाबाहेर पाया पडायला आला. "सर, तुमच्यामुळे." मी पाय मागे घेतले.

त्याने काही चूक केली नाही. अशिलाच्या हिताचं जे ते केलं. मी त्याला पंचवीसपैकी पंचवीस दिले असते, आणि याचीच मला भीती वाटतेय.

५ सप्टेंबर

वहिनींनी फिर्याद मागे घेतली. गैरसमज झाला म्हणे. इस्पितळातून घरीच गेल्या, दुसरं जाणार कुठे? प्राचार्यांना भेटलो. म्हणालो, त्याला कामावर ठेवू नका. ते म्हणाले, "अहो, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. आपणच नाही पाळलं तर कोण पाळणार? आपलं कायद्याचं कॉलेज आहे."

ग्रंथपाल पुन्हा शिक्के मारतो आहे. मला बघून उभा राहतो. नमस्कार करतो.

८ सप्टेंबर

घुमीचे नऊ खोडून पंचवीस केले आणि तिला बोलावून दाखवले. तिने बघितलं. म्हणाली, "राहू द्या ना सर नऊ." मग दार लोटून घेतलं. "त्यांना एकटं भेटायला हवं. एक वकीलबाई आहेत, त्या ठेवतील कुठेतरी. पण घरी सासू असते आणि बाहेर ते. एकट्या सापडत नाहीत."

मी म्हटलं, मी काय करू? ती नेहमीसारखी गप्प बसली. आता तिची गप्प बसायची रीत मला कळायला लागलीय. ती जागा सोडते, समोरच्याने ती भरायची.

१२ सप्टेंबर

आज तोच माझ्याकडे आला. चहा घेऊन आला होता. "सर, ही आता बोलते बऱ्यापैकी. समिती येतेय ना? तुमचं प्रात्यक्षिक अडायला नको. हिला आणतो मी. तोच शिंपी, तोच चष्मा, सगळं करून दाखवेल. लोकांनाही कळेल की ते नाटकच होतं."

तो चहा त्याच्या तोंडावर फेकावासा वाटला. पण मी म्हणालो, "वा, उत्तम. आधी एक रंगीत तालीम घेऊ. पंधरा तारखेला आणा." चहा प्यायलो सगळा.

घुमीला सांगितलं. तिने हो म्हटलं आणि मग म्हणाली, "तुम्ही काचेमागे बसायचं नाही, सर."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"नाही," म्हणाली. रागाने नाही, विचारलं म्हणून सांगितलं. "तुम्ही बाहेर बसा."

मला लागलं. अजून लागतंय. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत हे कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. पण खोटं कुठे आहे?

१५ सप्टेंबर

सकाळी कॉलेज उघडायच्या आधी जाऊन खोलीची थोडी साफसफाई केली. शर्टाला तेलाचे डाग पडले ते पडलेच.

तो तिला हाताला धरून घेऊन आला. तिचा चेहरा एका बाजूने बसलाय. दारात थांबले, पण या वेळी त्याने चष्मा काढला नाही. "बोलायचंच तर आहे," म्हणाला, "वाचायचं थोडंच आहे?" ती भिंत चाचपत आत गेली. घुमीने पुढे होऊन तिचा हात धरला आणि दार लावून घेतलं.

तो काचेमागच्या खोलीकडे वळला. "आज मीही बघतो म्हटलं."

मी त्या दारासमोर उभा राहिलो. कुलूप लावलेलं होतं आणि किल्ली माझ्या खिशात होती. "नाही जमायचं," म्हणालो. "अशिलाची गोष्ट खोलीबाहेर जात नाही."

तो हसला. "सर, ही कुठे खरी अशील आहे? सराव आहे ना?"

"सराव आहे म्हणूनच. सरावातच सवय लागते."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. इतकी वर्षं सोबत काम केलं, पण त्याने असं कधी बघितलं नव्हतं. मी घाबरलो. मग मी जे मला येतं ते केलं. बोलायला लागलो. "बसा ग्रंथपाल, बसा!" इतक्या मोठ्याने म्हणालो की भिंतीपलीकडे कळावं. बाकावर बसवलं त्याला. समितीबद्दल बोललो, प्राचार्यांच्या टोपाबद्दल बोललो, माझ्या मूळव्याधीबद्दलसुद्धा बोललो. विनोद सांगितले आणि स्वतःच हसलो. तो उठायला लागला की त्याचा हात धरायचो, "अहो, हे ऐकाच." आतून काहीतरी घसटल्यासारखा आवाज आला तेव्हा मला खोकल्याची उबळ आली, ती मला हवी तेवढा वेळ टिकली. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात त्या तोंडाने जन्मात एवढं बडबडलं नसेल, आणि त्यात कामाचा एक शब्द नव्हता.

शेवटी त्याने माझा हात झटकला आणि मुलाखतीच्या खोलीचं दार ढकललं. दोन रिकाम्या खुर्च्या होत्या. आरशात आम्ही दोघं दिसत होतो.

"कुठेय ती?" त्याने विचारलं. आवाज तेव्हाही चढला नाही. त्याने माझी कॉलर धरली आणि तोच प्रश्न त्याच आवाजात पुन्हा विचारला. माझा चष्मा खाली पडला, त्यावर त्याने पाय दिला. मग शिपाई धावत आला. प्राचार्य आले. उद्या चौकशी आहे, बहुतेक माझीच. विषय तर आजच बंद झाला.

कोणत्या दाराने गेल्या ते मी इथेही लिहीत नाही. तिचा चष्मा त्याच्याच खिशात राहिला. न दिसता, दुसऱ्याचा हात धरून गेली. कुठे गेली, ते घुमीने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

जेवताना ताईने फुटक्या चष्म्याकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं. "काय झालं रे आज?"

"काही नाही," म्हणालो.

तिने वाट बघितली. मी भात कालवला आणि जेवलो.